मागे कोणी आहे?

मिस्त्रीने सगळ्यांच्या मागे राहायचं, हा डोंगरात मोटरसायकली घालणाऱ्यांचा पहिला नियम. पुढे कोणीही जावो, ज्याच्या पाठीवर पाने-पकडींची पिशवी आहे तो शेवटी. यात मानपानाचा प्रश्न नाही. कोणाची गाडी वाटेत रुसली तर तो तिथेच दगडावर बसून राहतो, आणि थोड्या वेळाने मिस्त्री मागून येऊन त्याला गाठतो. मिस्त्रीच पुढे निघून गेला तर हाका कोणाला मारायच्या? म्हणून मिस्त्री मागे. बाकीच्यांनी पुढे बघायचं आणि निर्धास्त जायचं.

त्या छोट्या टोळीचा मिस्त्री म्हणजे दादा. आणि दादाचा धाकटा भाऊ तो बारक्या. बारक्याने सातवीतच शाळेला रामराम ठोकला आणि दादाच्या गॅरेजात येऊन बसला. तेव्हापासून त्याला जे काही येत होतं ते दादाचंच होतं. पाना कसा धरायचा, चढावर श्वास कसा सोडायचा, गिअर कधी टाकायचा. "इंजिन मागतं, बारक्या. त्याने मागायच्या आधी द्यायचं. मागायला लावलं की ते चिडतं," दादा म्हणायचा. आणि संध्याकाळी गाडी उभी करताना हटकून न्यूट्रलला. "झोपताना गाडी मोकळी पाहिजे. माणसासारखीच."

आता ती गाडी गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलेला, चाक एका अंगाला घासणारं. टाकीतलं पेट्रोल बारक्याने स्वतः काढून घेतलं होतं. बॅटरीही काढली होती. आयुष्यभर डोंगर तुडवलेला माणूस सरळ, सपाट, डांबरी रस्त्यावर गेला. एक सुटा भाग आणायला निघाला होता आणि समोरून दुधाचा टँकर आला. दवाखान्यात कोणीतरी वॉर्डबॉय "बॉडी कधी नेणार?" असं विचारून बसला, आणि बारक्याने त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. चार माणसांनी सोडवला. त्यानंतर बारक्या रडला नाही. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "मिस्त्री कुठे?" हा म्हणायचा, "बाहेर गेलाय. येईल." ज्यांना माहीत होतं ते मूग गिळून बसायचे. ज्यांना माहीत नव्हतं ते वाट बघायचे.

त्या रविवारी सकाळी स्वतःची गाडी बाहेर काढायची म्हणून त्याने दादाची गाडी ताडपत्रीसकट मागे रेटली. चाक घासत, कुरकुरत ती गेली. मग त्याने ताडपत्रीची दोरी पुन्हा आवळून बांधली. वहिनी चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"भंगारवाला काल परत येऊन गेला," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. नेऊ दे ना ती. रोज उठून तेच बघायचं..."

"दादाची गाडी आहे. दादा बघेल काय करायचं ते."

वहिनीने कप त्याच्या हातात दिला. बोटं जरा जास्त वेळ कपावर राहिली, एवढंच. "जाऊन ये," ती म्हणाली. "डोकं तरी ठिकाणावर येईल. उजेड आहे तोवर परत ये."

पिशवी त्याने पाठीला लावली. दादाची होती. पट्टे दादाच्या खांद्यांना बेतलेले, त्यामुळे ती कमरेवर आपटत राहिली. त्याने पट्टे आवळले नाहीत.

*

नाक्यावर दोघे थांबले होते. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि गाडी अशी चालवायचे की जणू मागे अंड्यांची टोपली बांधली आहे. फोटोवाल्याचा स्टुडिओ होता. त्याला दर फर्लांगावर काहीतरी सुंदर दिसायचं आणि सगळ्यांचा खोळंबा व्हायचा.

"आलास? मला वाटलं झोपलास," फोटोवाला म्हणाला.

"झोपलो असतो तरी तुमच्या आधी पोचलो असतो."

"बघा मास्तर. तोंड अजून आहे जागेवर."

मास्तर हसले, पण बारक्याच्या पाठीवरच्या पिशवीकडे त्यांची नजर गेली आणि हसू अर्ध्यात राहिलं.

डांबर संपलं तशी शेतं सुरू झाली. कापणी होऊन गेलेली, धसकटं पिवळी पडलेली. एका विहिरीवर दोन बायका कपडे आपटत होत्या, त्यांचा आवाज हात खाली आल्यानंतर जरा वेळाने कानावर यायचा. मेंढ्यांचा कळप रस्ता अडवून निवांत उभा होता आणि मेंढपाळाला त्याचं काही नव्हतं. फोटोवाल्याने अर्थातच गाडी थांबवली. धूर, ओली माती, शेण आणि ऊन यांचा मिळून एक वास येत होता. दादा याला सुट्टीचा वास म्हणायचा.

कोरड्या नदीच्या काठावर सगळे उतरले. इथून पुढे पात्रातले गोटे, मग वर चढत जाणारी कच्ची वाट आणि माथ्यावर देऊळ. गोट्यांत चाक उडू नये म्हणून टायरमधली हवा थोडी सोडावी लागते. हे काम मिस्त्रीचं.

"किती सोडायची रे?" मास्तरांनी विचारलं.

"दादा सोडतो तेवढी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बारक्याने खाली बसून एकेका टायरची हवा सोडली, अंगठ्याने दाबून बघितलं, पुन्हा सोडली. ती फुस्स आवाजाची हवा त्याच्या तोंडावर आली. रबराचा, बंदिस्त, जुन्या श्वासासारखा वास होता तिला.

"मग आज तू मागे राहा," मास्तर म्हणाले. "पिशवी तुझ्याकडे आहे ना? मिस्त्री मागे असतो, बारक्या."

"मिस्त्री मागेच आहे," बारक्या म्हणाला आणि किक मारली.

मास्तरांनी हाक मारली असेल. त्याला ऐकू आली नाही.

ज्याने कधी अशी वाट चढली नाही त्याला सांगून कळणार नाही. सीटवरून उठून पायांवर उभं राहायचं, गुडघे सैल, हँडल घट्ट धरायचं नाही. गोटे चाकाखालून निसटतात, गाडी डावी-उजवी शेपूट हलवते, आणि तुम्ही तिला मनाई करायची नाही. अंगात विचाराला जागाच उरत नाही. काट्यांची झुडपं मागे पळत होती, ऊन डोळ्यांत जात होतं, धूळ दातांत करकरत होती. कित्येक दिवसांनी बारक्याच्या छातीवरचा दगड हलला. आणि तो इतका हलका झाला, इतकं सगळं विसरला, की प्रत्येक वळणावर त्याच्या पाठीला जी खात्री असायची ती आपोआप परत आली. मागे दादा आहे. पडलो तर येईलच.

त्याच खात्रीने तो माथ्यावर पोचला.

*

देऊळ लहानसं होतं. चुना लावलेल्या जाड भिंती, एकच दार आणि त्यासमोर दगडी पायरी. दाराच्या एका बाजूला अडसर भिंतीला टेकवून ठेवलेला. तो इतका जाड होता की एकट्या माणसाला उचलेल की नाही, अशी शंका यावी. पायरीवर देवळाची राखण करणारी बाई बसली होती. येणारे-जाणारे तिला मावशीच म्हणायचे.

बारक्या लहानपणापासून इथे येत होता, पण नेहमी दादाच्या जरा पुढे, शेवटून दुसरा; सगळ्यात पहिला कधीच पोचला नव्हता. पहिल्याला काय विचारतात ते त्याने ऐकलं नव्हतं.

त्याने हेल्मेट काढलं. मावशी उठली नाही. फक्त विचारलं, "मागे कोणी आहे?"

"आहेत की. तिघे."

"कोण कोण?"

"एक मास्तर आहेत, एक फोटोवाला, आणि माझा दादा."

शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला ऐकू आला. परत घ्यायला एक क्षण होता. पण ते बोलताना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ते खरं होतं, आणि तेवढं खरं त्याच्या वाट्याला फार दिवसांनी आलं होतं. त्याने ते परत घेतलं नाही.

मावशीने आतून पाण्याचे तीन पेले आणले, पायरीवर ओळीने ठेवले आणि प्रत्येकावर एकेक ताटली झाकली.

यथावकाश मास्तर आले, घामाने निथळत. मग फोटोवाला. मावशीने ताटल्या उचलल्या, दोघे घटाघटा पाणी प्यायले.

"तिसरा कुठे आहे?" मावशीने विचारलं.

"तिसरा?" मास्तर म्हणाले. "आम्ही दोघेच. आणि हा."

मावशीने बारक्याकडे पाहिलं. बारक्या बुटाची नाडी सोडत बसला. ती एकदा सोडून झाली होती, तरी सोडत बसला.

"याचा भाऊ होता," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "मिस्त्री. दरवेळी शेवटी यायचा. तुम्ही ओळखत असाल त्याला. तो आता..."

"मास्तर!" बारक्या एवढ्या जोरात ओरडला की देवळाच्या माथ्यावरची पाखरं उडाली.

मावशीने तिसरा पेला तसाच ठेवला.

आत अंधार आणि गारवा. जुन्या तेलाचा, ओल्या दगडाचा वास. देव म्हणजे माणसाएवढा उभा दगड. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. फक्त मोठे, उघडे डोळे, आणि ते दाराकडे लावलेले. दारातून थेट खालची वाट दिसते, नदीच्या पात्रापर्यंत. फोटोवाला दारात उभा राहून कॅमेरा लावू लागला तशी मावशी म्हणाली, "नजरेच्या मध्ये उभं राहू नका. बाजूला व्हा. त्याला वाट दिसू दे."

"वाट बघतो होय देव?" फोटोवाल्याने चेष्टेने विचारलं.

"तेच काम आहे त्याचं. पूर्वी या डोंगरातून गाड्या जायच्या, बैलांच्या. धुकं पडलं की माणसं चुकायची. पहिला जो पोचेल त्याला विचारायचं, मागे कोणी आहे? आहे म्हणाला, की दार उघडं. शेवटचा माणूस येऊन पाणी पिईपर्यंत अडसर घालायचा नाही. मागे राहिलेल्याला देव शोधून आणतो."

"आणि कोणी खोटंच सांगितलं तर?"

"तरी शोधतो. त्याला काय माहीत खोटं. त्याला सांगितलं, मागे एक आहे, तो शोधायला लागतो." मावशी वात सारखी करत होती. "आणि शोधायला लागलं की सापडतंच कोणीतरी."

फोटोवाला दारातून बाजूला झाला.

*

झाडाखाली बसून त्यांनी डबे उघडले. बारक्याच्या डब्यात वहिनीने सवयीने दोघांपुरतं भरलं होतं. त्याने अर्धं खाल्लं आणि अर्ध्यावर झाकण लावलं. ऊन कलायला लागलं. समोरच्या डोंगराची सावली शेतांवरून सरकत इकडे येऊ लागली.

"निघायला हवं," मास्तर म्हणाले. "अंधारात त्या गोट्यांत कोण उतरणार?"

पण मावशी वाटेत उभी होती. "तुम्ही जा. हा नाही. ज्याने सांगितलं त्याने दार लावून जायचं."

"मग लावा की दार, मावशी. मी मदत करतो अडसर उचलायला," मास्तर म्हणाले.

"तसं लागत नाही ते. याने पायरीवर उभं राहायचं, वाटेकडे तोंड करायचं आणि मोठ्याने सांगायचं की मागे कोणी नाही. कोण नाही तेही सांगायचं. मग लागतं."

सगळे बारक्याकडे बघत होते.

"नाही सांगणार," तो म्हणाला.

"अरे, दोन शब्द आहेत," फोटोवाला म्हणाला. "बोल आणि चल."

"तुझं काय जातं रे बोलायला? तुझा आहे ना भाऊ घरी? जा, त्याच्याजवळ जाऊन बस." तो मावशीकडे वळला. "राहू द्या दार उघडं. शोधतो ना तुमचा देव? मग शोधू दे. मी बसतो इथे."

मावशीला राग आला नाही. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. हात गुडघ्यांवर ठेवून, घरातलंच काही सांगावं तसं सांगू लागली.

"माझ्या सासूच्या वेळची गोष्ट. एक बाई आली होती, कडेवर लहान पोर. मागे कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, माझा नवरा. नवरा कधीचा बुडून मेलेला. पण तिला तसं म्हणवेना. सासूने दार उघडं ठेवलं. दिवस मावळताना आला एकजण. पाणी प्यायला. तिच्याबरोबर खाली गेला."

"म्हणजे आला ना!" बारक्याचे डोळे चमकले.

"आला. कपडे तेच, चाल तीच. तिने घरात घेतला, संसार केला." मावशी थांबली. "ते पोर मात्र जन्मात कधी त्याच्याजवळ गेलं नाही."

वारा पडला होता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"ते बघा," फोटोवाला म्हणाला.

खाली, नदीच्या पात्रापलीकडे, वाटेवर धूळ उठली होती. एकाच गाडीची धूळ असते तशी, लांब, निमुळती. ती पात्राशी आली, जरा रेंगाळली आणि गोट्यांत शिरली.

"येतंय कोणीतरी," मास्तर म्हणाले. "असेल एखादा गावातला..."

मग आवाज आला.

बारक्या ताडकन उठला. तो आवाज त्याने हजारांत ओळखला असता. दादाच्या सायलेन्सरला एकदा चीर गेली होती आणि ती बारक्याने जोडली होती. आयुष्यातलं पहिलं वेल्डिंग. गबाळं, फुगलेलं, वेडंवाकडं. तेव्हापासून त्या इंजिनाच्या प्रत्येक ठोक्यामागे एक बारीकशी 'टक' यायची. बारक्या मोठा झाल्यावर किती वेळा म्हणाला, दे, नीट करून देतो. दादाने दिलं नाही. "तुझी पहिली शिलाई आहे. राहू दे."

डग-टक. डग-टक. डग-टक.

"दादा," बारक्या म्हणाला. डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. "मास्तर, दादा आला... ऐका ना... दादाची गाडी आहे..."

मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. फोटोवाल्याने सवयीने कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला आणि फोटो न काढताच हळूच खाली ठेवला.

धूळ पहिल्या वळणावर आली. इथून चढ सुरू होतो. इंजिनाचा आवाज जड झाला. बारक्या एक पायरी खाली उतरला. आणखी एक पाऊल टाकणार, एवढ्यात तो थांबला.

इंजिन मागत होतं.

चढ आला होता, खालचा गिअर हवा होता, आणि तो मिळत नव्हता. इंजिन दबत गेलं, गुदमरलं, घरघरलं. मग उशिरा, फार उशिरा, दातावर दात आपटल्यासारखा खाड् आवाज झाला आणि गिअर पडला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. घरघर... घरघर... खाड्. जसं काही कोणी ती गाडी लांबून बघून शिकलं होतं. कधी हात लावून नाही.

गाडी दादाची होती. हात दादाचा नव्हता.

"मावशी..." तो पुटपुटला. "तो नाहीये..."

"मग सांग लवकर."

"पण गाडी त्याचीच..."

"बाळा, मी तुला काय सांगू? दादा तुझा. तूच ओळख."

धूळ दुसऱ्या वळणाआड गेली. आता एकच वळण उरलं होतं. देवळाच्या आत वात फडफडली नाही, विझली नाही, नुसती उंच होत गेली. देवाचे डोळे दारातून थेट त्या वळणावर लागले होते. पायरीवरच्या पेल्यावरची ताटली किणकिणायला लागली.

बारक्याला ते वाक्य माहीत होतं. किती दिवस ते त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. ते बोललं की दादा खरंच जाणार. आणि नाही बोललं तर दादाच्या जागी हे येऊन बसणार. दादाच्या खुर्चीवर, दादाच्या ताटासमोर. वहिनीला दादा म्हणून हे चालेल का? त्याला चालेल का? क्षणभर, फक्त एक क्षण, त्याच्या मनात आलं की चालेल. उशिरा गिअर टाकणारा तर तसा. निदान कोणीतरी.

मग इंजिन पुन्हा घरघरलं, आणि त्या गबाळ्या शिलाईवरची टक कोणीतरी दात विचकून हसल्यासारखी वाजली.

बारक्या पायरीवर चढला. वाटेकडे तोंड केलं.

"मागे कोणी नाही!" तो ओरडला. आवाज चिरकला. "माझा दादा नाही! दादा गेला! मेला माझा दादा! कोणी नाही मागे!"

डोंगराने ते वाक्य त्याला परत दिलं, एकदा, मग आणखी हळू.

वळणाआडचा आवाज थांबला. हळूहळू विरला नाही, लांब गेला नाही. थांबला. धूळ तिथेच तरंगत राहिली आणि सावकाश खाली बसली. तिच्यातून कोणी बाहेर आलं नाही.

मावशीने ताटली उचलली. पाणी होतं तेवढंच होतं. तिने ते पायरीवर ओतलं. मग चौघांनी मिळून दार ओढलं आणि बाहेरून अडसर घातला. बारक्या तिथेच दाराला कपाळ टेकून रडला, लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पिशवीच्या वरच्या बाजूला, आणि बराच वेळ काढला नाही.

*

उतरताना बारक्या मागे राहिला. कोणी सांगावं लागलं नाही. त्याने पिशवीचे पट्टे आवळून स्वतःच्या खांद्यांना बेतले.

माथ्याजवळच्या त्या वळणावर मास्तर आणि फोटोवाला वाटेच्या कडेकडेने गेले, खाली न बघता. बारक्याने बघितलं. मऊ मातीत टायरचा ठसा होता. पुढचं चाक आणि मागचं चाक एका रेषेत नव्हती. पुढचं एका अंगाला घासत आलेलं, जसं वाकलेल्या चिमट्याच्या गाडीचं येईल तसं. ठसा वळणापर्यंत येत होता. परत गेल्याची खूण कुठेही नव्हती.

तो थांबला नाही. नदीकाठी हातपंपाने सगळ्यांच्या टायरमध्ये हवा भरून दिली. फोटोवाला म्हणाला, "पुढच्या वेळी तूच मागे." बारक्या म्हणाला, "हो. नाहीतर तुम्हाला कोण गोळा करणार?" तिघेही थोडं हसले. मेंढ्या परत चालल्या होत्या. त्यांच्या पायांची धूळ मावळत्या उन्हात साधी, तांबूस, नेहमीसारखी दिसत होती.

घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. वहिनी फाटकाशीच उभी होती.

"आलास. जेवलास का नीट?"

"अर्धं." तो गाडीवरून उतरला. "वहिनी, भंगारवाल्याला सांग उद्या. म्हणावं, ने."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"दादा गेला ना गं," तो म्हणाला.

"हो रे," वहिनी म्हणाली. "गेला." तिने त्याच्या केसांतली धूळ झटकली, दादा बाहेरून आला की झटकायची तशी. दोघे तसेच उभे राहिले, आणि ते उभं राहणं बरं वाटलं.

मग ती म्हणाली, "गाडी घे आत. फाटक लावते. मागे कोणी आहे?"

तिला काय माहीत. ती रोजच विचारायची. गिऱ्हाईक कोणी यायचंय का, एवढाच अर्थ.

"नाही," बारक्या स्पष्ट म्हणाला. "मागे कोणी नाही."

गाडी ढकलत तो शेडमध्ये शिरला. जागा करायला दादाची गाडी सकाळपेक्षा आणखी थोडी मागे रेटायची होती. ताडपत्रीची दोरी त्याने बांधली होती तशीच होती, गाठ त्याचीच. त्याने खांदा लावला आणि ढकललं.

गाडी हलेना.

त्याने पुन्हा जोर लावला. ती अर्धं बोट सरकली आणि आतून कोणीतरी धरल्यासारखी अडली. हे अडणं त्याच्या हातांना ठाऊक होतं. गाडी गिअरमध्ये होती.

तो वाकला, पण ताडपत्रीला हात लावला नाही. शेडमध्ये चुन्याच्या भिंतीसारखा गारवा होता. आणि त्या शांततेत, ताडपत्रीच्या आतून, एक बारीक आवाज आला.

टिक.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा... टिक.

गॅरेजात वाढलेल्या कुठल्याही पोराला तो आवाज कळतो. लांबून चालून आलेलं इंजिन थंड व्हायला लागलं, की लोखंड असं बोलतं.

बाहेर वहिनी फाटकाला कुलूप घालत होती.